चकाकी हा दर्जाचा दाखला नाही

लाकडी फर्निचरचे पॉलिश पुरे झाले की बहुतेक घरांत त्याची परीक्षा एकाच कसोटीवर होते. टेबलाच्या फळीत ट्यूबलाइट लख्ख दिसते का, कपाटाच्या दारात चेहरा ओळखू येतो का, एवढे पाहिले जाते आणि निकाल लागतो. चमक भरपूर असेल तर माल चांगला वापरला, हात पुरेसे मारले, पैसे वसूल झाले. चमक कमी दिसली तर कुठेतरी काटकसर झाली, माल पातळ केला, आपल्याला फसवले. दुरुस्तीच्या वेळी हीच समजूत वेगळ्या शब्दांत बोलते. चकाकी कमी वाटली की 'अजून एक हात मारा' आणि जास्त वाटली की 'सगळे खरवडून नव्याने करा'. अलीकडे उलट्या टोकाची समजूतही रुजली आहे: मॅट तेच अस्सल, चमकते ते बाजारू. या सगळ्या समजुती चूक आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे, असे माझे म्हणणे आहे. चकाकी ही पॉलिशच्या सर्वांत वरच्या पृष्ठभागाची अवस्था आहे. थर किती जाड आहे, राळ किती टिकाऊ आहे, काम किती प्रामाणिकपणे झाले आहे, यांपैकी कशाचाही उलगडा तिच्यावरून होत नाही. ती स्वतंत्रपणे निवडता येते, सर्वांत शेवटी ठरवता येते आणि चुकली तर बहुतेक वेळा नवा थर न चढवता, नुसती घासून सुधारता येते. हे नीट कळले नाही म्हणून चांगले थर खरवडले जातात आणि गरज नसलेले थर चढतात. हे जादा थर फवारताना उडणारा धूर पॉलिशवाल्याच्या छातीत जातो तो वेगळाच.

चकाकी मोजण्याचे शास्त्र पाहिले तरी हा भ्रम निम्मा विरघळतो. ग्लॉसमीटर नावाचे छोटे यंत्र पृष्ठभागावर ठरावीक कोनातून प्रकाश टाकते आणि आरशात व्हावे तसे परावर्तन होऊन त्याच कोनाने किती प्रकाश परत आला ते मोजते. फर्निचरसाठी सहसा 60 अंशांचा कोन धरतात. अतिचमकदार पृष्ठभागांतला फरक नेमका कळावा म्हणून 20 अंशांचा आणि अगदी मॅट पृष्ठभागांसाठी 85 अंशांचा कोन वापरतात. आयएसओ 2813 आणि एएसटीएम डी 523 ही या मोजणीची आंतरराष्ट्रीय मानके आहेत. मोजपट्टीवरचा 100 हा आकडा 1.567 अपवर्तनांक असलेल्या गुळगुळीत काळ्या काचेवरून घेतला आहे. ही काच 60 अंशांवर आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 10 टक्के प्रकाश परत फेकते. म्हणजे ज्या पॉलिशला आपण आरसा म्हणतो तेही प्रकाशाचा दहावा हिस्साच परत देते. बाकीचा प्रकाश थरातून लाकडात शिरतो आणि तिथला रंग घेऊन बाहेर येतो. ग्लॉस आणि मॅट यांच्यात खरा फरक या दहाव्या हिश्शाच्या दिशेचा आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर तो एकाच दिशेने एकवटून परततो, पृष्ठभागावर सूक्ष्म खडबडीतपणा असेल तर तो चहूकडे विखुरतो. यंत्राला कळते ते एवढेच. बंद रंध्रांच्या गुळगुळीत फळीवर मारलेला एक पातळ ग्लॉस थर आणि त्याच फळीवर मारलेले पाच थर यंत्रावर जवळजवळ सारखेच वाचन देऊ शकतात. एका थराची आणि पाच थरांची चकाकी सारखी असू शकत असेल, तर चकाकीवरून हातांची संख्या ओळखण्याचा दावा टिकत नाही.

मॅटच्या डब्यात नक्की काय असते ते पाहिले की उरलेला भ्रमही जातो. मेलामाइन असो, पीयू (पॉलियुरेथेन) असो की एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, एकाच मालिकेतल्या ग्लॉस आणि मॅट डब्यांत राळ सहसा तीच असते. मॅटमध्ये अस्फटिकी सिलिकाची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. तिचे कण काही मायक्रॉनचे. थर वाळून आकसतो तेव्हा हे कण पृष्ठभाग अगदी सूक्ष्म प्रमाणात उंचसखल करतात आणि प्रकाश विखुरतो. ही पूड जड असल्यामुळे तळाशी बसते. डबा नीट ढवळला नाही तर वरचा माल चमकदार आणि तळाचा माल निस्तेज निघतो, आणि मग एकाच कपाटाची दोन दारे दोन प्रकारची दिसतात. अशा वेळी दोष मालाला दिला जातो, पण चूक ढवळण्याची असते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मॅट थरावर ग्लॉसचा थर मारला की पृष्ठभाग ग्लॉस होतो आणि ग्लॉसवर मॅट मारला की मॅट होतो. खाली चार थर कोणतेही असोत, डोळ्याला दिसणारी चकाकी शेवटचा हात ठरवतो. संरक्षण मात्र सगळे थर मिळून देतात. ज्या दोन गुणांचे मालक वेगवेगळे आहेत, त्यांपैकी एकाला दुसऱ्याचा साक्षीदार करता येत नाही.

यावर जाणकार पॉलिशवाले एक वजनदार आक्षेप घेतात आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. ते म्हणतात, ग्लॉस दोष लपवू देत नाही. घासायचा पेपर आडवा फिरला असेल, लांबी खाली बसली असेल, धूळ पडली असेल, तर ग्लॉस ती चूक ओरडून सांगतो. मॅट सगळे पोटात घालतो. म्हणून निर्दोष ग्लॉस हाच कसबाचा पुरावा आहे. या म्हणण्यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. सागवानाची रंध्रे उघडी असतात; ती फिलरने भरून, सपाट घासून मग वर ग्लॉस चढवला नाही तर प्रतिबिंब जागोजागी तुटते आणि फळी स्वस्त दिसते. पण या आक्षेपाने जे सिद्ध होते ते सपाटपणाविषयी आहे. निर्दोष ग्लॉसमध्ये कसब कुठे असते? रंध्रे भरण्यात, थर समपातळीत आणण्यात, धुळीपासून तो जपण्यात. चमक स्वतः राळेतून फुकट येते. ग्लॉस राळ काहीही न करता वाळली तरी चमकतेच, मग खाली संत्र्याच्या सालीसारख्या खळग्या का असेनात. म्हणूनच परीक्षा करताना चमक किती आहे यापेक्षा प्रतिबिंबाच्या कडा सरळ आहेत की लाटेसारख्या हलतात, हे पाहायला हवे. खिडकीच्या गजाची रेघ फळीवर सरळ दिसली तर काम सपाट आहे. रेघ नागमोडी दिसली तर मीटर 95 दाखवत असला तरी काम कच्चे आहे. आणि ग्लॉस सपाट करून मग हाताने घासून आणलेला सॅटिन (ग्लॉस आणि मॅट यांच्यामधली चकाकी) तेवढ्याच तयारीची मागणी करतो, कारण खळगी राहिली तर घासताना तिच्या तळाशी पेपर पोहोचत नाही आणि तिथे चमकदार ठिपका उरतो. तेव्हा कसबाचा पुरावा हवा असेल तर तो सपाटपणात शोधावा. तिथे ग्लॉस आणि घासलेला सॅटिन एकाच पातळीवर उभे असतात.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा आहे: ग्लॉस कडक, मॅट नरम, ग्लॉस पुसायला सोपा, मॅटवर तेलकट डाग धरतात. यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. सिलिका घातलेल्या थराच्या पृष्ठभागावर घर्षण झाले की सूक्ष्म उंचवटे दबतात, आणि जिथे रोज हात लागतो तिथे, म्हणजे खुर्चीच्या हातावर किंवा ड्रॉवरच्या मुठीभोवती, मॅट चकचकीत होऊन पट्टा पडतो. खडबडीत पृष्ठभाग मळ जास्त धरतो हेही बरोबर. पण यावरून 'सगळे ग्लॉस करा' हा निष्कर्ष निघत नाही. रोज पुसल्या जाणाऱ्या गुळगुळीत ग्लॉसवर बारीक ओरखडे उठतात, आणि ते काळपट पार्श्वभूमीवर जितके ठळक दिसतात तितके सॅटिनवर कधीच दिसत नाहीत. म्हणजे ग्लॉस झिजायला उशीर लागला तरी झीज त्यावर लवकर दिसते. आणि मुख्य टिकाऊपणा, म्हणजे पाणी, उष्णता आणि स्पिरिट यांना तोंड देण्याची ताकद, राळेच्या जातीवर आणि एकूण जाडीवर ठरतो. लाखेचे फ्रेंच पॉलिश आरशासारखे चमकते, पण त्यावर स्पिरिट सांडले तर ते विरघळते आणि गरम कप ठेवला तर पांढरे वर्तुळ उमटते. दोन भागांचे पीयू डेड मॅट असले तरी हे दोन्ही सहन करते. अवघ्या एका उदाहरणाने चकाकी आणि टिकाऊपणा यांची गाठ सुटते. या आक्षेपातला खरा भाग लक्षात घेऊन मार्ग काढायचा असेल तर तो असा: खालचे सगळे थर ग्लॉसचे घ्यावेत आणि चकाकी फक्त शेवटी, शेवटच्या थराने किंवा घासून, खाली आणावी. म्हणजे थराचे बहुतेक अंग सिलिकाविना निखळ राळेचे राहते आणि डोळ्याला हवी ती सौम्यताही मिळते.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. मॅटचा कैवार घेणारे म्हणतात की चमक म्हणजे प्लास्टिक, आणि मॅट म्हणजे लाकूड जसे आहे तसे. हा दावाही तितकाच चुकीचा आहे. डेड मॅट पीयूच्या खाली तेवढाच प्लास्टिकचा थर असतो जेवढा ग्लॉस पीयूच्या खाली असतो. फक्त त्याचे परावर्तन विखुरलेले असते. विखुरलेला प्रकाश रंगहीन असतो आणि तो सगळ्या बाजूंनी डोळ्यात येतो, त्यामुळे लाकडाच्या रंगावर पांढुरका पडदा पसरतो. शिसमासारखे गडद लाकूड डेड मॅटखाली राखेरी दिसू लागते, त्याच्या रेषांची खोली हरवते. फिकट लाकडावर हे जाणवत नाही, म्हणून तिथे मॅट शोभतो. उलट ग्लॉसमध्ये परावर्तन एका दिशेला एकवटते आणि त्या दिशेपासून थोडे बाजूला उभे राहिले की लाकडाचा रंग काठोकाठ दिसतो. ओल्या लाकडाचा रंग गडद वाटतो त्यामागेही प्रकाशाचे असेच काहीसे वागणे असते. लाकूड 'जसे आहे तसे' दाखवण्याचा मक्ता कोणत्याही एका चकाकीकडे नाही. मॅट एक गोष्ट दाखवतो आणि दुसरी झाकतो. ग्लॉस त्याच्या उलट करतो. निवड करायची ती या देवघेवीचा विचार करून. नैतिक श्रेष्ठतेचा प्रश्न इथे उद्भवतच नाही.

परंपरेचा हवाला दोन्ही बाजूंनी दिला जातो आणि दोन्ही बाजूंनी तो अर्धवट असतो. चमक ही आपल्याकडची आवड आणि मॅट हे परदेशी खूळ, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की टेबला-खुर्च्यांवरची आरशासारखी चमक ही 19व्या शतकाच्या आरंभी फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये लोकप्रिय झालेल्या पद्धतीची देणगी आहे. कापसाचा बोळा कापडात गुंडाळून, लाखेचे अगदी पातळ असंख्य हात गोलाकार फिरवत देणे ही ती पद्धत, आणि ती आपल्याकडे आजही 'फ्रेंच पॉलिश' याच नावाने चालते. पण चमक सगळीच बाहेरून आली असेही म्हणता येत नाही, कारण त्या पॉलिशचा मूळ कच्चा माल, म्हणजे पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची लाख, मुख्यतः भारतातून गेला. आजही झारखंड हा तिचा मोठा उत्पादक आहे आणि रांचीजवळच्या नामकुममध्ये 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. कर्नाटकातल्या चन्नपटणच्या खेळण्यांवर लाखेची चमक कशी येते ते पाहणे माझ्या मुद्द्याला फार उपयोगाचे आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि मग केवड्याच्या जातीचे वाळलेले पान त्यावर दाबून फिरवतात. त्या पानाच्या घासण्याने लाख एकसारखी पसरते आणि झळकते. जास्तीची लाख न चढवता, चढलेल्या लाखेचाच पृष्ठभाग सारखा करून ही चमक येते. दुसरीकडे आपल्या जुन्या वाड्यांतले खांब, तुळया आणि झोपाळ्याच्या फळ्या तेलपाण्यावर राहिल्या आणि वापराने मऊ, मंद झाल्या. म्हणजे झगझगीत आणि मंद, दोन्ही आपल्याच घरातले आहेत. परंपरा एकाच बाजूने साक्ष देते असे भासवू नये.

मग निवड कशावरून करायची? माझ्या मते तीन गोष्टींवरून: प्रकाश कुठून येतो, वस्तूला हात कसा लागतो आणि लाकूड कोणते आहे. यांपैकी प्रकाशाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पॉलिशच्या थरावर प्रकाश जितका तिरपा पडतो तितके परावर्तन झपाट्याने वाढते. 1.5 अपवर्तनांकाच्या थरावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी 4 टक्के परततो, 60 अंशांवर सुमारे 9 टक्के, आणि 80 अंशांवर जवळजवळ 39 टक्के. म्हणून दुकानात हातात धरून सॅटिन वाटलेला नमुना खिडकीसमोरच्या जेवणाच्या टेबलावर आडवा गेला की चमकू लागतो, आणि तोच कपाटाच्या उभ्या दारावर निस्तेज वाटतो. याचा अर्थ एका घरातल्या सगळ्या फर्निचरला एकच चकाकी देण्याचा नियम मुळातच चुकीचा आहे. ती सारखी दिसावी म्हणूनच आडव्या फळीला उभ्या दारापेक्षा कमी चकाकी द्यावी लागते. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ग्लॉस नको, कारण दिव्याचे प्रतिबिंब थेट डोळ्यात येते. देवघराच्या कोरीव कामावर अतिग्लॉस दिला तर प्रत्येक वळणावर प्रकाशाचा ठिपका पडून कोरीव काम वाचता येत नाही. थोडी मंद चकाकी उठाव स्पष्ट करते. स्वयंपाकघरातल्या कपाटांना, जिथे फोडणीचा तेलकट धूर बसतो, तिथे सेमी-ग्लॉस सोयीचा. शिसमासारख्या गडद लाकडाला थोडी जास्त चकाकी, उघड्या रंध्रांच्या सागवानाला रंध्रे भरायची नसतील तर कमी. आणि नमुना नेहमी त्याच लाकडावर, त्याच जागी, त्याच दिशेने ठेवून पाहावा. डब्यावरच्या 'सॅटिन' किंवा 'मॅट' या शब्दावर विसंबू नये, कारण एका कंपनीचा सॅटिन दुसऱ्या कंपनीच्या सेमी-ग्लॉसइतका चमकू शकतो. मधली छटा हवी असेल तर त्याच मालिकेतला ग्लॉस आणि मॅट मिसळून ती तयार करता येते.

आता दुरुस्तीबद्दल, कारण खरे नुकसान इथेच होते. चकाकी मनासारखी आली नाही की लगेच नवा थर देण्याआधी कारण ओळखले पाहिजे, आणि कारणे वेगवेगळी असतात. फळीचा काही भाग निस्तेज आणि काही चमकदार असेल तर तिथे लाकडाने माल शोषला आहे. थर अपुरा आहे आणि इथे नवा हात खरोखरच हवा. सगळीकडे धुरकट पांढरी झाक आली असेल, विशेषतः पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत लाखेचे किंवा एनसीचे काम केल्यावर, तर ती चकाकीची अडचण नाहीच. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे जमते आणि थरात अडकते. वर आणखी एक हात मारला तर हा पांढरेपणा कायमचा बंदिस्त होण्याची भीती असते. त्यासाठी कोरडी हवा, हळू उडणारे थिनर आणि धीर लागतो. काही आठवड्यांनी चमक आपोआप उतरली आणि रंध्रांच्या रेषा वर आल्या असतील तर थर पुरता पिकण्याआधीच काम उरकले गेले आहे. आणि वरील काहीही नसून चकाकी फक्त जास्त किंवा कमी असेल, थर मात्र एकसंध असेल, तरच तो शुद्ध चकाकीचा प्रश्न असतो. त्याचे पहिले उत्तर पेपर आणि मेण यांत असते, फवाऱ्यात नाही.

घासून चकाकी आणण्यात गूढ असे काही नाही. पेपरचा कण जितका मोठा तितका ओरखडा खोल आणि प्रकाश जास्त विखुरलेला. पी 400 पेपरचा कण सुमारे 35 मायक्रॉन, पी 600 चा 26 च्या आसपास, पी 1000 चा 18 आणि पी 2000 चा 10. थर पूर्ण वाळल्यावर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने, सपाट ठोकळ्यावर धरून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने सरळ घासत जायचे. आधी 600 ने सपाट केले, मग अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने मेण लावत रेषेत फिरवले की मऊ सॅटिन मिळतो. 1000 आणि 1500 वर गेले की चकाकी वाढते. 2000 नंतर रबिंग कंपाउंड आणि मऊ कापड घेतले की पुन्हा आरसा. म्हणजे एकाच थरावर, एकही थेंब माल न वाढवता, चकाकी खालीही आणता येते आणि वरही नेता येते. सारी गुणवत्ता सारखेपणात आहे. प्रत्येक पायरीने आधीच्या पायरीचा प्रत्येक ओरखडा काढला पाहिजे आणि सगळे ओरखडे एकाच दिशेने गेले पाहिजेत, नाहीतर दिवा लावला की गोल फिरलेल्या हाताच्या खुणा दिसतात. पाण्यावर आधारलेल्या पॉलिशच्या थरांमध्ये मात्र स्टील वूल वापरू नये. त्याचे तुकडे अडकून गंजतात. तिथे सिंथेटिक पॅड बरा.

यावर ठेकेदारांचा आक्षेप येतो की घासणे धोक्याचे आहे: कडेला थर निघून लाकूड उघडे पडते. धोका खरा आहे आणि तो कसा टाळायचा हे सांगितल्याशिवाय घासण्याचा आग्रह धरणे बेजबाबदारपणाचे ठरेल. वार्निशचा एक हात वाळल्यावर ढोबळमानाने 25 मायक्रॉन थर सोडतो, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. घासताना त्यातले काही मायक्रॉन जातात. दोन हातांवर घासणे ही अविचारी गोष्ट आहे. चार हातांवर ती सुरक्षित आहे. कडा आणि कोपरे सर्वांत शेवटी, ठोकळ्याविना, हलक्या बोटांनी करायचे. इथे राळेची जातही ध्यानात ठेवावी. लाख आणि एनसी लॅकर यांचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे घासताना एका थरातून दुसऱ्यात गेले तरी काही दिसत नाही. वार्निश, मेलामाइन आणि पीयू यांचे थर एकमेकांवर बसतात, एकजीव होत नाहीत. वरचा थर भेदून खाली गेले की नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळे उठतात आणि ती कितीही घासून जात नाहीत. अशा वेळी शेवटचा थर पुरेसा जाड द्यावा, किंवा घासण्याऐवजी तो एकच हात हव्या त्या मॅटचा मारावा. तेव्हा या आक्षेपातून घासण्याला नकार निघत नाही. घासण्याचे नियोजन आधीच, थर मोजतानाच केले पाहिजे, एवढेच निघते.

शेवटचा आक्षेप पैशांचा: हाताने घासायला मजुरी लागते, डब्यातला मॅट एका फवाऱ्यात काम करतो. मोठ्या पृष्ठभागांच्या बाबतीत हे मला पूर्ण मान्य आहे. सहा दारांच्या कपाटाला, पलंगाच्या बाजूंना, व्हिनियरच्या भिंतींना शेवटचा हात मॅटचा मारणे हेच शहाणपणाचे आहे. तिथे हातघासणीचा आग्रह म्हणजे हटवाद. पण जेवणाचे टेबल, लिहायचे टेबल, झोपाळ्याची फळी, जिथे डोळा आणि हात रोज जवळून जातात, तिथे घासणीची मजुरी ही पुन्हा पॉलिश करण्याच्या खर्चापेक्षा कमी ठरते. शिवाय खर्चाच्या हिशेबात आणखी एक आकडा धरला जात नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते; फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर दम्याचा विकार जडू शकतो. मेलामाइन वाळताना फॉर्मल्डिहाइड सोडते. बंद फ्लॅटमध्ये, साध्या रुमालाने तोंड बांधून हे काम करणारा माणूस केवळ 'चमक कमी वाटते' म्हणून मारलेल्या प्रत्येक अनावश्यक हाताची किंमत आपल्या फुप्फुसांनी चुकवतो. चुकीच्या कसोटीची ही किंमत आहे आणि ती आपल्याला दिसत नाही, कारण टेबल चमकत असते.

म्हणून पॉलिशचे काम देताना भाषा बदलावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. 'चांगले चमकवा' या दोन शब्दांनी काहीही ठरत नाही. राळ कोणती, थर किती, त्यांत ग्लॉस किती आणि शेवटचा कोणता, रंध्रे भरायची की उघडी ठेवायची, वाळायला किती दिवस द्यायचे, शेवटची चकाकी डब्यातली की हातघासणीची, हे सगळे आधी लिहून घ्यावे आणि त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना करून तो घरात जागेवर ठेवून पाहावा. काम झाल्यावर परीक्षा करताना आधी सपाटपणा पाहावा, मग कडा, मग सारखेपणा आणि सर्वांत शेवटी चकाकी. ती पसंत पडली नाही तर पॉलिशवाल्यावर चोरीचा आळ घेण्याआधी त्याच्या हातात पेपर द्यावा आणि पुरेसा वेळ द्यावा. चकाकीला दर्जाचे प्रमाणपत्र मानणे आपण सोडले तर ती खऱ्या अर्थाने निवडीची गोष्ट होईल: घरमालकाला ती मागता येईल, कारागिराला ती हाताने साधता येईल आणि दोघांपैकी कुणालाही तिच्यासाठी चांगला थर वाया घालवावा लागणार नाही.